वरची कोथिंबीर

माझ्या भाचीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझ्या वहिनीच्या छातीत धातूची झडप बसवली. लग्नाच्या धावपळीत वहिनीला दम लागायचा तेव्हा सगळे म्हणायचे, मुलीची आई आहे, दमणारच. पण मुलगी सासरी गेली, पाहुणे पांगले, भाड्याची भांडी परत गेली, तरी दम तसाच राहिला. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की कठडा धरून उभी राहायची. तपासणीत कळलं की लहानपणी आलेल्या कसल्याशा तापानं तिच्या हृदयाची एक झडप पार निकामी केली होती, आणि ही बाई इतकी वर्षं उरल्यासुरल्या हृदयावर संसार रेटत होती.

ऑपरेशन चांगलं झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. आम्ही म्हणजे माझा भाऊ, वहिनी, सासरहून आलेली भाची आणि मी. नवरा वारल्यापासून मी भावाकडेच राहते आणि तेव्हा त्याच्याच भाजीच्या गाळ्यावर बसायचे.

डॉक्टर म्हणाले, "धातूच्या झडपेवर रक्त गोठायला बघतं. म्हणून ही रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. रक्त फार घट्ट झालं तर झडपेत गाठ अडकेल. फार पातळ झालं तर आत कुठंतरी वाहायला लागेल. दोन्हींत जीव जातो. तेव्हा मधे राहायचं. तारेवरची कसरत आहे, पण लाखो लोक करतात."

मग त्यांनी खाण्यापिण्याचं सांगितलं. हिरव्या पालेभाज्या रक्त घट्ट करतात आणि गोळी पातळ करते, म्हणून पालेभाज्या अचानक वाढवायच्या नाहीत आणि अचानक तोडायच्याही नाहीत. आज जेवढ्या, उद्या तेवढ्याच.

हॉस्पिटलचा जिना उतरेपर्यंत भावानं याचा निकाल लावला. "म्हणजे पालेभाजी बंद."

"बंद नाही म्हणाले, बाबा," भाची म्हणाली. "सारखी ठेवा म्हणाले."

"सारखी म्हणजे किती? तराजू मांडीवर घेऊन जेवायला बसायचं का तिनं? त्यापेक्षा बंद. बंदचं माप रोज सारखंच असतं."

माझ्या भावाला बाजारात वकील म्हणतात ते उगाच नाही. कोर्टाची पायरी तो कधी चढलेला नाही, पण त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. गिऱ्हाईक म्हणालं, पालक शिळा दिसतो, तर हा म्हणणार, शिळा नाही हो, मुरलाय. जुडी लहान आहे म्हटलं, तर म्हणणार, पानं दाट आहेत, सोडून बघा, घरात मावणार नाही. शेजारी लिंबूवाली बसते. लिंबं विकता विकता तिची जीभही तशीच झाली आहे. ती म्हणायची, "वकील, मेल्यावर तुम्ही यमाकडूनसुद्धा तारीख मागून घ्याल."

तर त्या दिवसापासून आमच्या घरात पालेभाजी शिजली नाही. ज्या घराचं पोट पाल्यावर चालतं, त्या घरात पाला नाही. वहिनी पालक निवडायची, मुळ्याचा पाला बांधायची, कोबीची वरची पानं काढायची, पण तोंडात पान घालत नव्हती. नियम तिनं एकदाही मोडला नाही, हे मी शपथेवर सांगेन.

आता कोथिंबिरीचं सांगते, कारण सगळं तिथंच घडलं.

आमच्या धंद्यात कोथिंबीर ही भाजी नाही. फळीवर भाज्या मांडतात, कोथिंबीर खाली, ओल्या गोणपाटात. गिऱ्हाइकानं चार पैशांची खरेदी केली की वर दोन काड्या टाकायच्या. ती वरची. लिलावात पहाटे विचारतात, आज भाजी काय काय घेतली, तेव्हा पालक सांगतात, कोबी सांगतात, कोथिंबीर कुणी सांगत नाही. संध्याकाळी काय उरलं ते बघतात तेव्हाही ती कुणी धरत नाही. आमच्या बापाच्या तोंडी एक वाक्य असायचं, कोथिंबिरीनं कुणाचं पोट भरलं नाही आणि कोथिंबिरीवाचून कुणाचं अडलं नाही. अशा घरात "पालेभाजी बंद" म्हटल्यावर कुणाला कोथिंबीर आठवणार? मला नाही आठवली, वहिनीला नाही, वकिलाला तर नाहीच.

त्या थंडीत कोथिंबीर उदंड आली. पोत्यानं यायची आणि पोत्यानं फेकली जायची. कोथिंबिरीची जुडी आतून तापते. वरून हिरवीगार दिसते आणि मधे हात घातला तर गरम लागतं, दुसऱ्या दिवशी काळा चिखल. भावाच्या जिवाला ते लागायचं. फुकट द्यायची वस्तू, पण कुजायला लागली की त्याला चटका बसायचा.

बाजाराच्या मागं बाग आहे. तिथं सकाळी फिरायला येणारी मंडळी जाता जाता भाजी घेतात. त्यातले एक बँकेतले निवृत्त साहेब एकदा म्हणाले की कोथिंबिरीचा रस सकाळी अनशापोटी घ्यावा, त्यासारखं औषध नाही. भावाच्या डोळ्यांत दिवा लागला. दोन दिवसांत त्यानं कुठून तरी जुना मिक्सर पैदा केला, गाळ्याच्या दिव्याच्या तारेवर जोडला, आणि वकिलाचा वैद्य झाला.

त्याचं बोलणं ऐकायला माणसं थांबायची.

"पोट? कोथिंबीर. डोळे? कोथिंबीर. साखर? कोथिंबीर. झोप येत नाही? कोथिंबीर. झोप जास्त येते? तिलाही कोथिंबीर."

"आणि गुडघे?" एका जाड्या गृहस्थानं विचारलं.

"बसेल फरक. पण तोंडापासून गुडघ्यापर्यंत उतरायला वेळ लागतो, साहेब. पंधरा दिवस तरी धरा."

"आणि जिभेला हाड फुटायला किती दिवस लागतात?" लिंबूवालीनं शेजारून विचारलं.

"तुमचीच लिंबं पिळतो ना रसात, मग बोलता कशाला? धंदा तुमचाही होतोय."

आणि तो होत होता. मला कोथिंबिरीशी वैर नाही. तो सांगायचा त्यातलं थोडंफार खरंही असेल. पुष्कळांना बरं वाटायचं. सकाळी उठून चालत येऊन एक पेला हिरवा रस प्यायचा, चार माणसांशी बोलायचं, एवढ्यानंही माणसाला बरं वाटतं. कोथिंबीर चांगलीच वस्तू आहे. ज्याच्या त्याच्या रक्ताचा प्रश्न.

पण गुण नुसते सांगून गिऱ्हाईक पटत नाही, दाखवावे लागतात. दाखवायला त्याच्याकडे वहिनी होती.

ऑपरेशननंतर ती हळूहळू गाळ्यावर येऊन बसायला लागली होती. झडप धातूची, त्यामुळे जवळ बसलं की टिकटिक ऐकू यायची. भाऊ गिऱ्हाइकाला म्हणायचा, "ही माझी बायको. छातीत लोखंड आहे. या, ऐका, लाजू नका. घड्याळ आहे की नाही? सहा महिन्यांपूर्वी हिला जिना चढवत नव्हता. आज पाटी उचलते. कशावर? ह्याच्यावर." आणि सगळ्यांसमोर पहिला पेला भरून तो वहिनीच्या हातात द्यायचा.

वहिनीला आधी लाज वाटली. मग आवडायला लागलं. आम्ही दोघी एकदा काड्या निवडत बसलो होतो, तेव्हा ती मला म्हणाली, "आक्का, चव नाही आवडत मला. गवत चावल्यासारखं लागतं."

"मग पितेस कशाला?"

ती हातातल्या जुडीकडे बघत हसली. "लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही. आता रोज सकाळी स्वतःच्या हातानं करतात, गाळतात, लिंबू पिळतात, पदर सांभाळ म्हणतात. नाही कसं म्हणू?"

"गिऱ्हाईक असतं समोर म्हणून करतो तो."

"माहीत आहे हो. पण देतात तर खरं."



रक्त तपासायला तिला महिन्यातून एकदा हॉस्पिटलात जावं लागायचं. पूर्वी भाची बरोबर जायची, तीच कागद वाचायची, तीच प्रश्न विचारायची. ती सासरी परत गेल्यावर वहिनीबरोबर मी जायला लागले. तिथं सुई टोचणारी सिस्टर चांगली होती. रस सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला तिनं आकडा बघून कपाळाला आठी घातली.

"रक्त घट्ट व्हायला लागलंय, मावशी. गोळी चुकवली का?"

"एकदाही नाही."

"पालेभाजी खाताय?"

"पान शिवत नाही मी," वहिनी म्हणाली. "विचारा आक्कांना."

मी मान डोलावली. खरंच होतं ते. डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली. पुढच्या खेपेला तेच झालं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, गोळी आणखी वाढली. तिसऱ्यांदाही. डॉक्टर म्हणाले, काही जणांना जास्तच लागते, प्रत्येकाची प्रकृती वेगळी. मग आकडा हवा तिथं आला आणि तिथंच बसला. दोनदा तपासलं, दोन्हीदा बरोबर. सिस्टरनं टाळी दिली वहिनीला. "आता दर महिन्याला यायला नको. उन्हाळा संपता संपता या. मधे हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर निळे डाग दिसले, डोकं फार दुखलं, तर तारखेची वाट बघू नका. तडक या."

घरी आल्यावर भावानं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी गाळ्यावर जाहीर करून टाकलं. "हॉस्पिटलनं सांगितलं, आता यायची गरज नाही! रक्ताचा आकडा कसा? तर सरळ रेषेत!" त्या सकाळी मिक्सर थंड झाला नाही.

आता मी जे कळून चुकले आहे ते सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला कोडं पडायला नको. एका बाजूनं रोजचा मोठा पेला तिचं रक्त घट्ट करत होता. दुसऱ्या बाजूनं वाढवत नेलेली गोळी ते पातळ करत होती. दोघांची ओढाताण बरोबरीत सुटली, म्हणून आकडा सरळ होता. यातला एक गडी डॉक्टरांना ठाऊकच नव्हता, आणि तो काही न सांगता मैदानातून उठून गेला तर काय होईल, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

ते वर्ष उन्हाचं होतं. थंडी सरली तसा पारा चढला, आणि मधेच दोन दिवस गारा पडल्या. कोथिंबीर नाजूक. उन्हानं करपली आणि जी उरली तिला गारांनी झोडपलं. लिलावात पोती यायची थांबली, टोपल्या यायला लागल्या, मग टोपल्याही नाहीत, नुसत्या मोजून जुड्या. भाव असा चढला की जुन्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता. हॉटेलवाले पहाटे दारात उभे राहायचे. जी वस्तू आम्ही आयुष्यभर वर टाकत आलो, ती आता भाऊ ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीजवळ घेऊन बसायला लागला. गिऱ्हाइकानं सवयीनं हात पुढं केला, "वर दोन काड्या टाका", की तो म्हणायचा, "दोन काड्या वर टाकल्या तर भाजीचे पैसे त्यांतच जातील, बाई."

रसही महाग झाला. फिरायला येणाऱ्यांतले निम्मे गळाले, निम्मे टिकले. श्रीमंत माणसाला महाग झालेलं औषध जास्त लागू पडतं.

पहिल्या दिवशी वहिनीनं वाट बघितली. भावानं चार पेले भरले आणि चारही गिऱ्हाइकांना दिले. मिक्सरचं भांडं विसळलं.

"अहो, माझा?" तिनं थट्टेत विचारलं.

"तुझा कसला? भाव काय झालाय माहीत आहे का? तुझ्या एका पेल्यात एक गिऱ्हाईक जातं."

"पहिला पेला मीच पिते ना रोज. लोक विचारतील."

"लोकांना आता दाखवायची गरज राहिली नाही. शिवाय तू ठणठणीत आहेस. डॉक्टरनंच सांगितलं. भाव उतरला की पी पोटभर."

लिंबूवाली लिंबं रचता रचता थांबली. "वा, वकील! तुमची मायासुद्धा बाजारभावानं चालते की. फेकायची होती तेव्हा बायको लाडकी, आणि भाव आला तेव्हा गिऱ्हाईक लाडकं."

"तुम्ही तुमची लिंबं बघा."

"बघतेय. आंबट आहेत, पण बारमाही आंबट आहेत."

आजूबाजूचे हसले. वहिनीही हसली. पण मी तिच्याकडे बघत होते. ती हसता हसता उठली आणि उगाचच पालकावर पाणी मारायला लागली. नुकतंच मारलेलं होतं.

संध्याकाळी घरी जाताना ती मला म्हणाली, "बरं झालं, आक्का. गवत सुटलं." एवढंच. पुन्हा तिनं रसाचं नाव काढलं नाही.

दहाबारा दिवस गेले असतील. न्हाणीघरातून ती बाहेर आली आणि दंडावर मला डाग दिसला, निळा, तळहाताएवढा.

"हे काय?"

"पाटी लागली असेल."

"पाटी दंडाला लागते?"

मग तिनं सांगितलं की मांडीवरही आहेत दोन, आणि सकाळी दात घासताना चूळ लाल येते. सिस्टरनं काय सांगितलं होतं ते तिलाही आठवत होतं आणि मलाही. मी तशीच भावाकडे गेले. तो भाकरीचा तुकडा मोडत होता.

"हिला हॉस्पिटलात न्यायला पाहिजे. उद्याच. अंगावर डाग उठलेत."

"उन्हाळा आहे, आक्का. उष्णता झालीय अंगात. माझ्यापण तोंडात फोड आलाय, हा बघ."

"सिस्टर म्हणाली होती, तडक या."

"जाऊ की. नाही कुठं म्हणतोय? पण उद्या हॉटेलवाल्यांचा माल द्यायचाय. तू गेलीस तिच्याबरोबर तर जुड्या कोण बांधणार? हात मोजके आहेत. असा भाव जन्मात परत येणार नाही. एक आठवडा थांब. भाव उतरला की मी स्वतः नेतो."

"आठवड्यात काही झालं तर?"

"कधी काही झालंय का तिला रस सुरू केल्यापासून? उगाच अभद्र बोलू नकोस."

"मी एकटी घेऊन जाते. माल तुझा तू बांध," मी म्हणाले, आणि वहिनीला म्हणाले, उठ, सकाळी लवकर निघू. पण वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. तो जेवत होता, मान वर न करता. ती म्हणाली, "जाऊ दे ना, आक्का. एक आठवड्यानं काय होतंय? ते स्वतः नेतो म्हणाले."

ते स्वतः नेतो म्हणाले. त्या तीन-चार शब्दांपुढं माझं काही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं, तिसऱ्या दिवशी ओरडले. ती लांब बाह्यांचं पोलकं घालून गाळ्यावर यायला लागली, डाग दिसू नयेत म्हणून.

शुक्रवारी सकाळी, ऐन गर्दीत, ती खाली बसून जुड्या बांधत होती. "डोकं दुखतंय हो," म्हणाली. लिंबूवालीनं तिला पाणी दिलं. पेला तिच्या हातातून निसटला. मी वाकून बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ती काहीतरी सांगत होती आणि शब्द होत नव्हते, नुसता आवाज. भाऊ हॉटेलवाल्याला जुड्या मोजून देत होता. त्यानं वळून पाहिलं, आणि हातातला माल टाकून धावला. ते नाकारून चालणार नाही, तो धावला. टेम्पोत घालून आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं, तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं, आणि तो वाटेत सारखा म्हणत होता, "थांब, थांब, पोचतोय."

डोक्यात रक्त वाहत होतं. रक्त पार पातळ झालं होतं; आकडा इतका वर गेला होता की सिस्टरनं यंत्र चुकलं म्हणून पुन्हा तपासला.

डॉक्टर तेच होते. त्यांनी बाहेर येऊन विचारलं, "गोळी जास्त घेतली गेली का?"

"नाही. सांगितली तेवढीच."

"दुसरं काही औषध? ताप, पोट?"

"नाही."

"खाण्यात काही बदल?"

"काही नाही, साहेब," भाऊ म्हणाला. "पालेभाजीचं पान शिवलं नाही तिनं ऑपरेशनपासून."

मी म्हणाले, "रस बंद झाला."

"कसला रस?"

"कोथिंबिरीचा. थंडीपासून रोज एक मोठा पेला प्यायची. आता तीन आठवडे बंद आहे."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि आम्हाला समजावून सांगितलं, ओरडले नाहीत. मी वर सांगितलं ते सगळं मला त्या खुर्चीपाशी कळलं. शेवटी ते म्हणाले, "रस तसाच पीत राहिली असती तरी हे झालं नसतं. सुरू केला तेव्हा सांगायला हवं होतं आणि बंद केला तेव्हाही. आम्ही दर वेळी विचारत होतो."

"तुम्ही पालेभाजी विचारली," भाऊ म्हणाला. "कोथिंबीर पालेभाजी नाही."

"मग काय आहे?"

माझा भाऊ जन्मात पहिल्यांदा अडखळला. "ती... ती वरून टाकतात, साहेब."

डॉक्टर उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी भाची पोचली. आईला तिनं काचेतून पाहिलं. यंत्रं चालू होती, आणि त्यांच्या आवाजात झडपेची टिकटिक ऐकू येत नव्हती. दुपारी सगळं आटोपलं.

पुढच्याच आठवड्यात कोथिंबिरीचा भाव उतरला.

भाऊ काही दिवस घरात बसून राहिला. दाढी वाढली, बोलणं बंद झालं. मला वाटलं, या माणसाच्या आत काहीतरी मोडलं असावं. मी त्याला जेवायला वाढायचे, तो दोन घास खाऊन उठायचा. एका सकाळी पहाटेच उठला, दाढी केली आणि लिलावाला गेला. मी म्हटलं, चला, कामाला लागला, तेवढंच मन रमेल.

मी गाळ्यावर पोचले तेव्हा मिक्सर चालू होता.

फिरायला येणारी मंडळी जमली होती. कुणीतरी वहिनीबद्दल विचारलं. तो हळू आवाजात सांगायला लागला. सांगताना डोळे पुसत होता, आणि ते नाटक नव्हतं. "काय सांगू, साहेब. एवढी लोखंडाची झडप घेऊन बाई हिंडत होती, फिरत होती. पाच महिने रस घेतला, रक्ताचा आकडा सरळ. तीन आठवडे रस बंद झाला, आणि संपलं. मी नाही सांगत, डॉक्टरांनी स्वतः सांगितलं. रस पीत राहिली असती तर वाचली असती."

"काय सांगता?"

"हॉस्पिटलात विचारा जाऊन. म्हणून म्हणतो, सुरू केलात तर एक दिवस चुकवू नका."

माणसं हळहळली. बँकेतल्या साहेबांनी खिशात हात घातला. लिंबूवालीनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी तिनं लिंबं दिली नाहीत त्याला. त्यानं बाहेरून आणली.

यात खोटा शब्द नव्हता, हेच त्यातलं वाईट. वकिलानं प्रत्येक वाक्य डॉक्टरांच्या तोंडचं उचललं होतं.

हे रोज चालू राहिलं. दिवसकार्यानंतरही थांबलेली भाची एकदा माझ्याबरोबर गाळ्यावर आली. ती गिऱ्हाइकांच्या मागं उभी होती, बापाला दिसली नाही. त्याचं सगळं सांगून झालं, चुकवू नकापर्यंत. मग ती मागूनच म्हणाली,

"बाबा, पुढचं पण सांगा."

त्यानं मान वर केली. "पुढचं काय?"

"रस बंद का झाला ते."

गर्दी तिच्याकडे वळली, मग त्याच्याकडे. मिक्सर तसाच घरघरत होता. भावाच्या हातात पेला होता, अर्धा भरलेला. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याला लहानपणापासून ओळखते. उत्तर शोधत होता तो. सापडलं असतं तर दिलं असतं.

एक बाई घड्याळ बघत पुढं सरकली. "माझे दोन द्या हो. उशीर होतोय मला."

त्यानं पेला पूर्ण भरला, दुसरा भरला, आणि तिला दिले. भाची तशीच बाजाराबाहेर पडली. संध्याकाळच्या गाडीनं सासरी गेली. त्यानंतर ती बापाच्या घरी आलेली नाही. मला फोन करते, माझी खुशाली विचारते, त्याची विचारत नाही. मीही त्या दिवसापासून गाळ्यावर बसत नाही. घरी राहते, त्याच्यापुरतं आणि माझ्यापुरतं रांधते. रस तो अजून विकतो.

माझी वहिनी, माझ्या धाकट्या भावाची बायको, एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी दुपारी हॉस्पिटलात वारली.